चव्वेचाळीसच्या पुढे

४८

फिल्ममधल्या घराचा दरवाजा उघडला. उंबऱ्यावर ऊन पडलं. थोरली खुर्चीत मागे रेलली, नखं कुरतडायची थांबली आणि

४७

आणि पडदा निळा झाला.

तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला, सेटिंगमध्ये शिरली आणि आकडा एकानं खाली आणला. प्रोसेसर किती पळवायचा, त्याचा हा आकडा. कारखान्यातून तो छत्तीसवर येतो. छत्तीसवर ही फिल्म उद्या तयार झाली असती. कंपनीला ती आज हवी होती, ऑफिस बंद व्हायच्या आत. दोघी बहिणींनी अजून न बांधलेल्या एकाच घराची कॉम्प्युटरवर एकेक फिल्म करायची. जिच्या फिल्ममधलं घर राहतं वाटेल, तिला कायमची नोकरी.

धाकटीची सकाळीच गेली. पाठवून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, तुझी माझ्या कॉम्प्युटरवर लाव ना. मी दाढ दाखवायला चाललेय, रिकामाच आहे तो."

"मला आहे माझा," थोरली म्हणाली.

धाकटीचा चव्वेचाळीसवर चालतो. निळा पडदा कसा असतो हे तिला थोरलीच्या टेबलावरूनच ठाऊक, असं थोरली समजायची. चव्वेचाळीस थोरलीलाही लावता आलं असतं. पण तिथं धाकटी आधीच जाऊन बसलेली होती.

४६

सत्तेचाळीस बैठकीच्या खिडकीपर्यंत टिकलं. सेहेचाळीस जिन्याच्या वळणापर्यंत. पायऱ्या चढता चढता

४५

जवळजवळ झालंच होतं. बैठक, जिना, माडी, गच्ची. गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी वाऱ्यानं हलत होती. तिला मधोमध हलकासा झोळ होता, रोज ओले कपडे पेलणाऱ्या दोरीला असतो तसा. त्या झोळासाठी थोरलीनं आठवडा घालवला होता. दोरी एकदा हलली. दुसऱ्यांदा हलायच्या आत घरासकट निळ्यात बुडाली.

आता तिची खात्री पटली. प्रोसेसरच खराब.

मामानं दोघींना एकाच दुकानातून, एकाच खोक्यातले दोन आणून दिले होते. "भांडायला जागाच ठेवली नाही," म्हणाला होता. थोरलीनं ती काढली. त्याच संध्याकाळी आपल्या प्रोसेसरच्या कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. माझं ते माझं. आणि आठवडाभरात म्हणायला लागली, चांगला धाकटीला गेला. खिडकीजवळच्या पलंगाचं झालं तेच. कुरळ्या केसांचं झालं तेच.

तिनं स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि धाकटीच्या कॉम्प्युटरची बाजू उघडली. अदलाबदल करायला कितीसा वेळ. दोन्ही सारखेच दिसतात. कोणाला कळणार आहे?

पंखा काढला. खाली प्रोसेसरवर थापलेली करडी पेस्ट कापसानं पुसली.

कोपऱ्यावर लाल ठिपका होता.

४४

"अगं, त्याचं पोट का फाडलंस?"

धाकटी दारात उभी होती. गालात कापूस होता, म्हणून एका बाजूनं बोलत होती.

थोरलीनं प्रोसेसर चिमटीत धरून वर केला. "चोर. हा माझा आहे."

"हो, तुझाच आहे."

"वर तोंड करून सांगतेस?"

"तोंड वर होत नाहीये गं, सुजलंय." धाकटी पलंगाच्या काठावर बसली. "चांगला मला आला म्हणून तूच घर डोक्यावर घेतलं होतंस ना? तू मावशीकडे गेलीस तेव्हा बदलले मी. म्हटलं, घे बाई चांगला. तो ठिपका तुझा का? मला वाटलं, दुकानातूनच आलाय."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आता तर नक्कीच खराब माझ्याकडे आला."

थोरलीनं प्रोसेसर टेबलावर ठेवला. तेच म्हणाली असती.

"तुझा खराब माझ्याकडे गपगुमान चालतो. माझा चांगला तुझ्याकडे रोज पडतो," धाकटी म्हणाली. "पंचेचाळीस मीही लावून बघितलं होतं, दोन्हींवर. चव्वेचाळीसला दोन्ही उभे, पुढे दोन्ही आडवे. सारखेच आहेत ते."

मग ती उठली आणि थोरलीच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"काल तू झोपल्यावर तुझी गच्ची बघितली मी. ती दोरी बघितली. माझ्या फिल्ममध्ये असलं काही नाही, ताई. ही वेळेत पोचली तर नोकरी तुझी." तिनं घड्याळाकडे बघितलं. "अजून एकदाच होईल. पडली तर परत लावायला वेळ नाही. चव्वेचाळीस टाक आणि हात काढून घे."

"तुझ्याइतकंच?"

"माझ्याइतकंच."

थोरलीनं चव्वेचाळीस टाकलं. धाकटीनं पडद्यावर वाकून आकडा वाचला, मान डोलावली आणि कापूस बदलायला मोरीकडे गेली.

नळ सुटल्याचा आवाज आला. थोरलीनं दाराकडे बघितलं. मग फक्त एक बोट पुढे केलं.

४५