पांढरी पूड

पंखा जोरात फिरत असूनही नवऱ्याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले होते. भात, पाव बंद केले तरी इन्सुलिन त्याने नेहमीएवढंच घेतलं होतं. रक्तातली साखर कोसळली, हे तिने ओळखलं. चटकन डब्यातली पांढरी पूड पाण्यात ढवळून तिने पाजली. “गोडमिट्ट केलंस की गं,” तो अडखळत हसला, “मुंग्यासुद्धा याला नाक मुरडतात.” तिचा हात थबकला. साखरेऐवजी आणलेली ती कृत्रिम गोडीची पूड जिभेला फसवते. रक्ताला काहीच देत नाही. तिने फडताळ पालथं घातलं. खरी साखर तिनेच हौसेने घराबाहेर काढली होती. “झोपतो जरा,” तो पुटपुटला. त्याची मान कलली. भिंतीपलीकडे थोरली जाऊ राहायची. वाटणीपासून अबोला होता. आपणच बोलावं असं कितीदा ठरवूनही ती दारातूनच परतली होती. तिने तेच दार बडवलं. “जाऊबाई, मी आहे, साखर द्या!”