नव्या गाडीचं प्लास्टिक

"पांढरी सीट. बसायच्या वस्तूला पांढरा रंग. धन्य आहे," रंगराव पुटपुटले. शेजारी उभ्या बायकोला, द्वारकाबाईंना ऐकू जाईल एवढंच.

"पांढरी नाही बाबा, आयव्हरी," केदार म्हणाला. गाडीबद्दल कुणी काही बोललं की त्याला लांबूनही ऐकू यायचं.

कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी दहाला अख्खं घर नव्या गाडीभोवती उभं होतं. नात सोनू तेवढी आधीच अगदी मागच्या सीटवर जाऊन बसली होती. बॉनेटवर कालच्या पूजेचं कुंकू अजून ताजं होतं. मागचं दार उघडं होतं, आणि रंगराव आत शिरत नव्हते.

काल संध्याकाळी गाडी आली तेव्हा त्यांनी काचेतून आत डोकावून पाहिलं होतं. मग म्हणाले होते, "उद्या दादाकडे जाऊ या. धायरीला." चार महिने ते सोसायटीच्या फाटकाबाहेर पडले नव्हते. भाचीच्या साखरपुड्याला नाही, डॉक्टरांकडे नाही. थोरले भाऊ गेनबा खुब्याचं हाड मोडून पडलेले, त्यांच्याशीही फक्त फोनवर बोलणं. त्यामुळे कालचं ते वाक्य ऐकून द्वारकाबाईंनी गाडीला दुसऱ्यांदा ओवाळलं होतं.

आणि आज हे असं.

केदार एकेक दाखवत होता. छताची काच सरकते. स्क्रीनवर चारी बाजू दिसतात. "आणि सीटमधून गार वारा येतो बाबा."

"खालून? मग सर्दी ठरलेली," द्वारकाबाई म्हणाल्या.

रंगरावांनी आत वाकून दाराच्या आतल्या बाजूवर बोटाने टकटक केलं. बसच्या डेपोत तीस वर्षं त्यांनी सीटा बसवल्या होत्या, उसवलेल्या शिवल्या होत्या. "वरून मऊ, आतून पोकळ," त्यांनी निकाल दिला. मग हात सीटच्या शिवणीवर गेला. टाका न् टाका सारखा होता. अंगठा शिवणीवरून अगदी टोकापर्यंत फिरला. तिथे पोचल्यावर त्यांनी हात मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी बांधले.

"शिवण चांगली आहे," ते म्हणाले. "प्लास्टिक कुठे गेलं?"

"काढलं ना. सकाळी उठून सगळं फाडलं. तुमच्यासाठीच."

त्यात केदारचं काही चुकलं नव्हतं. रंगरावांचं आणि प्लास्टिकचं जुनं वैर. रिमोटवरची पिशवी, फ्रिजच्या दारावरचा कागद, काही त्यांच्या हातून सुटत नसे. सुनेच्या, नम्रताच्या माहेरी सोफ्यावर कव्हर बघून, "वापरायला आणलाय की वारसांना द्यायला?" असं ते व्याह्यांना तोंडावर विचारून आले होते. लग्न ठरायच्या आधी.

नम्रताने नवऱ्याकडे पाहिलं. केदारने हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

सकाळी सहाला रंगरावांच्या पलंगावरची चादर तिनेच धुवायला टाकली होती. "पाण्याचा ग्लास कलंडला वाटतं," द्वारकाबाई रोजच्यासारख्या म्हणाल्या होत्या. "हो ना," नम्रता रोजच्यासारखी म्हणाली होती. चार महिने तो ग्लास कलंडत होता. तो जरा लांब ठेवावा, असं घरात कुणालाच सुचलं नव्हतं.

तेवढ्यात गाडीला जोडलेला केदारचा फोन वाजला. त्याने तो घेतला आणि गेनबांचा आवाज सगळ्या गाडीभर घुमला.

"केदार, निघालात का न्हाई? रंग्या हाय का गाडीत? मी कवाचा उशाला टेकून बसलोय."

केदारने वडिलांकडे पाहिलं. रंगराव दारातून वाकले आणि स्क्रीनकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "निघतोय, दादा."

फोन बंद झाला. ते सरळ उभे राहिले.

"तुम्ही जाऊन या. दादाला गाडी दाखवा. माझे गुडघे धरलेत."

"अहो, ते कालपासून वाट बघतायत," द्वारकाबाई म्हणाल्या. रंगराव तोवर लिफ्टकडे वळले होते. इस्त्रीचा सदरा, पायात ठेवणीतल्या चपला. तीन महिने झाले गेनबांना पडून, आणि वय पंच्याऐंशी. पुढचा रविवार धरून चालण्यासारखं काही नव्हतं.

नम्रता जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्याशी गेली. फाडलेलं प्लास्टिक तिथे चुरगळून पडलं होतं. त्यातला मोठा तुकडा तिने झटकला, आणला आणि मधल्या सीटवर पसरू लागली.

"हे काय?" केदारने विचारलं.

"सोनू सांडते ना काहीतरी," नम्रता वर न बघता म्हणाली. "परवा आइस्क्रीम सांडलं."

नऊ वर्षांची सोनू मागच्या सीटवरून पुढे आली. "मी कुठे सांडलं?"

"सांडतेस तू," आजी घाईने म्हणाली.

"नेहमीच सांडते ही," केदारही म्हणाला.

सोनूने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. एकही जण तिच्याकडे बघत नव्हता. "परवा मी आइस्क्रीम खाल्लंसुद्धा नाही," ती म्हणाली. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

लिफ्ट आली. दार उघडलं, थोडा वेळ उघडं राहिलं, बंद झालं. रंगराव आत गेले नव्हते. ते हळूहळू चालत परत आले. सोनूच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"पोरीवर ढकलू नका," ते म्हणाले. "तो ग्लासही कधी कलंडत नाही. अंथरूण मी ओलं करतो. नीट पसर ते प्लास्टिक, नम्रता. दादा वाट बघतोय."