टोचतंय

मावशींचा उजवा पाय मांडीतून काढलेला. नवा पाय बसवणाऱ्या तंत्रज्ञाने मांडीचं माप पुन्हा घेतलं, मांडी जिच्यात बसते ती वाटी, म्हणजे सॉकेट, आतून घासून दिलं, गुडघ्याचा सांधाही बदलून पाहिला. तरी दर खेपेला दोन पावलं टाकली की मावशी आधाराच्या दांड्या घट्ट धरायच्या आणि म्हणायच्या, "टोचतंय हो!"

कुठे टोचतंय, ते मात्र दर खेपेला बदलायचं.

आज त्यांना घेऊन येणारा त्यांचा मुलगा फोन आला म्हणून बाहेर गेला. तंत्रज्ञ कपाटात पट्टा शोधत होता. वळून बघतो तर मावशी दांड्या सोडून खिडकीपर्यंत चालत गेलेल्या, आणि बाहेर मुलाकडे बघत उभ्या!

"मावशी, अहो!"

"ओरडू नकोस रे बाबा. मी चालायला लागेपर्यंत रजा काढून आलाय तो. किती वर्षांनी राहिलाय घरी! मी चालले, की तो चालला."

तंत्रज्ञाने डोकं खाजवलं. स्वतःच्या हाताने केलेल्या चांगल्या पायाला नावं ठेवायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. तो बाहेर गेला आणि मुलाची नजर चुकवत म्हणाला, "सॉकेट नव्याने करावं लागेल. महिना तरी जाईल."

मुलाच्या जिवात जीव आला.


"दोन लावा, साहेब. नोकरी गेलीय माझी. आईला वाटतंय, मी रजेवर आहे."