खालचा दात आधी

"सही करण्याआधी हे ऐका," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. "दाताचं बीज हिरडीत रुजलं की दात बाळाला येतो तसाच उगवतो. लाळ गळेल, अंग कसकसेल, चिडचिड होईल. घरी सांभाळायला कोण आहे?"

अडुसष्ट वर्षांच्या मुकुंदरावांनी शेजारी पाहिलं. त्र्याण्णव वर्षांच्या आईने पिशवीतून दोऱ्यात बांधलेली खारीक काढून टेबलावर ठेवली.

"हिरड्या शिवशिवल्या की ही चावायची. पण डॉक्टर, आधी कुठला दात येणार?"

"वरचा. त्याला वेळ जास्त लागतो, म्हणून तो आधी लावू."

"नको. वरचा आधी आला की मामाला जड जातं."

मुकुंदराव ओशाळले. "आई, भालूमामाला जाऊन वीस वर्षं झाली."

"मला नको सांगूस. तान्हा होतास तेव्हा तुझा वरचाच आधी आला होता. मी रडत बसले, तर भालू हसून म्हणाला, 'रडतेस काय ताई? पुढच्या वेळी खालचा आधी येऊ दे म्हणजे झालं.'"

मुकुंदरावांनी खारीक उचलून खिशात घातली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "खालचाच आधी लावा."