सोपानचा इलाज

“ह्यांनाच विचारा बाई. मी नुसती सोबतीला आलेय,” म्हणत विठाबाईनं खुर्ची मागं सरकवली.

वडगावच्या या दवाखान्यात यायचं सोपाननंच काढलं होतं. मनाला बसलेला जुना धक्का इथल्या राजेश्वरी मॅडम हलका करतात, असं त्याच्या कानावर आलं होतं. एकट्यानं यायला मात्र तो तयार नव्हता.

“आबा, काय त्रास होतो?” राजेश्वरीनं विचारलं.

सोपाननं विठाबाईकडं पाहिलं. विठाबाईलाच राहवेना. “रातच्याला उठून बसत्यात. मला जाग यावी तर हे माझ्याकडंच बघत असत्यात. काय झालं म्हणलं तर, ‘काय न्हाई, झोप तू.’ लोकलचं तर नाव काढत न्हाईत. सुदुंबऱ्याहून जीपनं आलो आमी.”

“कधीपासून?”

“आमची हिरा गेली तवापासून.”

वीसेक वर्षांपूर्वी बेगडेवाडी स्टेशनात त्यांची एकुलती एक लेक गाडीखाली आली होती.

राजेश्वरीनं सोपानला दोन्ही हात छातीवर दुमडून खांद्यांवर आलटूनपालटून थोपटायला लावलं. थोपटत थोपटत आठवेल ते सांगायचं. “मावशी, तुम्हीही करा. म्हणजे आबा अवघडणार नाहीत.”

“मी कंपनीतनं बिस्किटाचा पुडा आणायचो,” सोपान म्हणाला आणि अडला. “पुढचं तूच सांग गं. मला नीट याद न्हाई.”

“अवो, त्यातली निम्मी बिस्किटं शेळीला जायची!” विठाबाई हसली. मग सांगतच सुटली. हिराला वेणी घालायची म्हणजे आख्ख्या अंगणभर तिच्यामागं पळावं लागायचं. तिच्या पुढच्या दातांतली फट, भाकरीच्या पिठाचे तिनं केलेले उंदीर. कितीतरी वर्षांनी घरातलं ते जुनं सुख तिच्या ओठांवर आलं होतं.

दर आठवड्याला असंच व्हायचं. सोपान एक वाक्य बोलायचा आणि अडायचा.

एकदा तो हळूच म्हणाला, “त्या दिवशी मी कामावर होतो. काय झालं, तूच सांग.”

विठाबाईचे हात खांद्यांवर थांबले. पुन्हा थोपटू लागले.

“बाजार करून उतरलो. माझ्या हातात पिशव्या. रुळांपलीकडं हिराला मैत्रीण दिसली तशी तिनं हात सोडवला... म्या पिशव्या टाकाया पायजे हुत्या, बाई. टाकल्या न्हाईत.” आणि ती मोठ्यानं रडली. राजेश्वरीनं तिला मनसोक्त रडू दिलं. सोपान तिची पाठ चोळत राहिला.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून निघताना सोपान म्हणाला, “आज लोकलनं जायचं?”

“तुमाला जमंल?”

“बघू की.”

बेगडेवाडीला दोघं उतरले. फलाटावर ऊन पडलं होतं. गाडी निघून गेली तरी विठाबाई हसतच होती. “बघा, गेली का न्हाई तुमची भीती? आता रातच्याला झोप लागती ना?”

“लागती की,” सोपान म्हणाला. “आठवडा झाला, तू झोपंत हिराला हाका मारत न्हाईस.”