बारशाचं नाव

"तेवढं नाव सोडून काय बी लिवा, मास्तर," बजाबाई म्हणाली.

जमखंडीकर मास्तरांनी टाक दौतीत बुडवून तसाच धरला होता. समोर विद्यापीठाचा प्रवेशअर्ज होता. बाकीच्या ओळी भरून झाल्या होत्या. पहिलीच कोरी होती.

"बाई, हे खासगी विद्यापीठ आहे. शाळेतलं नाव बदलायची मुभा देतात, ती आत्ताच. आज लिहू ते पदवीवर छापून येईल. येडू रामहरी भांगे, बी. एस्सी., सन १९३३! लोक काय म्हणतील?"

"शिकून बी येडाच ऱ्हायला म्हनत्याल," दाराशी बसलेला येडू म्हणाला आणि स्वतःच हसला.

बजाबाई हसली नाही. येडूच्या आधीची तिची सगळी मुलं प्लेगात गेली होती. हा झाला तेव्हा तिनं त्याचं नाक टोचलं, त्याला उकिरड्यावर लोळवलं, शेजारच्या मल्लव्वाला सूपभर कोंड्याला विकून परत घेतलं. नेणाऱ्याला हे पोर टाकाऊ वाटावं, म्हणून. बारशाला आत्यानं खरं नाव कानात सांगितलं. त्यानंतर ते कुणी उच्चारलं नव्हतं. येडूलासुद्धा ते ठाऊक नव्हतं.

"प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी आणला, बाई," मास्तर म्हणाले. ते शाळेत शास्त्र शिकवत. "पिसवा नाव विचारून चावत नाहीत."

येडू आईकडे बघत राहिला. फुकट शिक्षणाच्या जागा मोजक्याच होत्या. यंदा हुकली, की आईबरोबर गिरणीत जायचं हे ठरलेलं होतं.

बजाबाई उठली. मास्तरांच्या कानाशी वाकली.

"हिंदुराव!" मास्तर मोठ्यानं म्हणाले. "वा! एवढं भारदस्त नाव, आणि लपवून ठेवलंत?"

बजाबाईनं घाईघाईनं दार लोटलं.

अर्ज गेला. विद्यापीठाचा माणूस घरी येऊन चौकशी करतो, मगच जागा मिळते, असं मास्तरांनी माय-लेकांना बजावून ठेवलं. बजाबाईनं घर सारवून ठेवलं.

माणूस आला तो भर दुपारी. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. येडू पोहायला गेला होता. माणसाच्या अंगात काळा कोट होता. हातात काही नव्हतं.

"हिंदुराव इथंच राहतो ना?" त्यानं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"कोन तुमी?"

"त्याला भेटायचं होतं. नाव कळलं, म्हणून आलो."

"पानी घेता?"

"नको."

बजाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. ऊन रणरणत होतं आणि कोटाची सगळी बटणं लावलेली असूनही त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"त्या नावाचं पोर मेलं," ती म्हणाली. "बारशाच्या रातीच गेलं."

"घरात दुसरं कुणी?"

"एक हाय. पर ते येडं हाय. कामाचं न्हाय."

"मग माझीच चूक," एवढं म्हणून तो वळला.

काही कळलं का, ते विचारायला मास्तर आले, तेव्हा ती अजून उंबऱ्यातच बसलेली होती. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, विद्यापीठाचा माणूस तो! या नावानं चौकशी करत दुसरं कोण येणार? आता तो तिथं जाऊन सांगेल, मुलगा मेला. बुडालं की हो सगळं!"

"बुडू द्या. गिरणीत जाईल. पर ऱ्हाईल तरी."

"कुठं गेला तो माणूस?"

बजाबाईनं तोंड फिरवलं. शेजारच्या दारातून मल्लव्वानं हात केला. "तळ्याच्या वाटंला गेला बघा."

मास्तर पळतच निघाले. माणूस बांधावर कडुलिंबाखाली उभा होता. घाई कसली दिसत नव्हती.

"माफ करा," मास्तर धापा टाकत म्हणाले. "आईच ती, घाबरली. मुलगा धडधाकट आहे. आधीची गेली म्हणून याचं खरं नाव झाकून ठेवलं. सगळे त्याला येडू म्हणतात."

"येडू," माणूस हळूच म्हणाला. पाठ करावं तसं त्यानं ते पुन्हा म्हटलं. "पण ती म्हणाली, तो कामाचा नाही."

"कामाचा नाही? असा मुलगा आमच्या शाळेत दुसरा झाला नाही. त्याला जागा आहे ना?"

"आहे. केव्हाची राखून ठेवली आहे."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "मग आजच भेटून घ्या ना! या वेळी तो मळ्यातल्या विहिरीवर पोहत असतो. हा बांध उतरलात, की समोरच."

माणसानं हात जोडले आणि तो बांध उतरू लागला.

मास्तर परत आले ते हसतच. "निस्तरलं, बाई. जागा पक्की!"

"काय सांगितलंत त्याला?"

"खरं तेच. दोन्ही नावं सांगितली. एव्हाना विहिरीवर गाठ पडली असेल दोघांची."

बजाबाईनं पदर खोचला आणि ती अनवाणीच धावत सुटली. मास्तर मान हलवत तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत होते, तेवढ्यात दाराशी टांगा थांबला. एक जाडजूड गृहस्थ कण्हत उतरले. धोतर धुळीनं माखलेलं होतं आणि काखेत कागदांचं पुडकं होतं.

"हिंदुराव भांगे इथंच ना? विद्यापीठाकडून आलोय. गाडी कुर्डुवाडीला खोळंबली हो, नाहीतर सकाळीच येणार होतो."

"या, या!" मास्तर म्हणाले. "तुमचे दुसरे गृहस्थ पुढं होऊन मुलाला भेटायला गेलेतसुद्धा."

"दुसरे?" पाहुण्यांनी पुडकं खाली ठेवलं. "दुसरं कुणी नाही. सबंध जिल्ह्याला मी एकटाच आहे."