वीस मिनिटं बंद

“डावीकडे नको. अजून पुढे या. हां, तिथे बसवा,” छताजवळच्या कॅमेऱ्यातून आवाज आला.

वायफायवाला दचकलाच. घरात शिरल्यापासून एक बाई आणि तिची चार वर्षांची मुलगी, एवढीच माणसं त्याला दिसली होती. बोलत मात्र होते ते बाईचे यजमान, ऑफिसात बसून. मागच्या खोलीत रेंज पोचत नाही, तिथल्या कॅमेऱ्याचं चित्र अडकतं, अशी त्यांची तक्रार होती. बोलणं अगदी सभ्य. अहो-जाहो.

“आधी मागची खोली बघून घेतो, साहेब,” तो म्हणाला.

मागच्या खोलीत कपडे धुवायचं मशीन होतं आणि वाळत घातलेले कपडे. त्याने मोबाईल उंच धरला. रेंज खरंच नव्हती. बाई त्याच्या मागोमाग आली आणि खालच्या आवाजात भराभरा बोलू लागली.

“दादा, नवा डबा बसवताना सगळं बंद पडतं ना?”

“हो. जुना राउटर बंद करावा लागतो.”

“दारावरचं यंत्रसुद्धा? दार उघडलं की त्यांच्या फोनवर घंटी वाजते.”

“तेही. पण पाचच मिनिटं, ताई.”

“पाच मिनिटांत मी खालच्या चौकापर्यंतसुद्धा पोचणार नाही,” ती म्हणाली. तिने मशीनमध्ये हात घालून मळक्या कपड्यांखालची एक पिशवी वर काढली, त्याला दिसेल एवढीच, आणि पुन्हा आत दडपली.

लोकांच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही, हे पथ्य त्याने वीस वर्षं पाळलं होतं. तो हॉलमध्ये आला. कॅमेऱ्याखाली उभं राहिल्यावर त्याच्याच तोंडून शब्द बाहेर पडले.

“साहेब, वीस मिनिटं सगळं बंद राहील.”

“वीस? मागच्या वेळी पाच मिनिटांत झालं होतं.”

“आता डबे दोन आहेत. एकमेकांशी जुळवून घ्यायला वेळ लागतो त्यांना.”

“ठीक आहे. तिला तिथेच खुर्चीवर बसवा. परत सुरू झालं की मला ती तिथेच दिसली पाहिजे.”

बाई मुलीला मांडीवर घेऊन खुर्चीवर बसली. त्याने राउटरचा प्लग उपसला. कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला.

ती हललीच नाही. नुसती दिव्याकडे बघत राहिली.

“बाबा झोपले?” मुलीने विचारलं.

“ताई, उठा,” तो म्हणाला. “उठा हो!”

मग मात्र ती उठली. मशीनमधली पिशवी आणून काखोटीला मारली, मुलीला कडेवर घेतलं, स्वतःचा मोबाईल खुर्चीवर तसाच ठेवला. दाराची कडी काढताना तिचा हात दोनदा निसटला. उंबऱ्यात ती थबकली.

“तुमचं काय होईल?”

“माझं काम चाललंय,” तो म्हणाला. ती गेली. लिफ्टची वाट न बघता जिन्यावरून उतरणारी तिची पावलं त्याने ऐकली आणि दार लावून घेतलं.

सहाव्या मिनिटाला खुर्चीवरचा मोबाईल वाजू लागला. वाजून वाजून थांबला. लगेच त्याच्या खिशातला वाजला.

“तिला दे फोन.” अहो-जाहो संपलं होतं.

“ताई बाळाला घेऊन बाथरूममध्ये गेल्यात, साहेब.”

“दार वाजव.”

तो उठला. मोबाईल कानाला लावून त्याने रिकाम्या बाथरूमच्या दारावर टकटक केलं. “ताई, साहेब बोलावतायत.” थोडं थांबला. “येते म्हणाल्या, साहेब.”

“मला नाही ऐकू आलं.”

“नळ चालू आहे ना.”

“नळाचाही आवाज नाही आला,” पलीकडचा अगदी शांतपणे म्हणाला. मग गाडीचं दार धाडकन लागल्याचं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

आता पळावं, असं त्याला फार वाटलं. पण त्याचं नाव, नंबर, सगळं त्या माणसाकडे होतं. आणि सांगितलेली वीस मिनिटं व्हायची होती. तो जमिनीवर बसला आणि काम करू लागला. वायर बोटांतून सुटत होती, स्क्रू फरशीवर घरंगळत होते. तो दर मिनिटाला घड्याळ बघत होता. अठरा. एकोणीस. विसाव्या मिनिटाला त्याने प्लग लावला. कॅमेऱ्यांचे लाल दिवे एकेक करत पेटले.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

यजमान आत आले. अंगाने किरकोळ, चष्म्याची काच घामाने धुरकटलेली. त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. वायफायवाल्याने हातातली पक्कड घट्ट धरली. पण ते जवळ आले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि हॉलच्या मधोमध उभे राहून एकेक खोली बघू लागले. हॉल. स्वयंपाकघर. झोपायची खोली. मागची खोली.

“कुठंय ती?” त्यांनी विचारलं. ते त्याला विचारत होते की मोबाईलला, कळत नव्हतं.

मागच्या खोलीचं दार दहा पावलांवर होतं, सताड उघडं. ते तिकडे गेले नाहीत. चित्र आता कुठेच अडकत नव्हतं. ते एकेक खोली मोठी करून बघत राहिले.